हातचलाखी आणि सम्यक दृष्टी

जादूगार उजव्या हातातील नाणे डाव्या हातात दिल्याचा आविर्भाव करतो आणि डाव्या मुठीकडे टक लावून पाहतो. प्रेक्षकांची नजर त्याच्या नजरेमागे जाते. नाणे मात्र उजव्या तळहातातच दडलेले असते. हातचलाखी ती हीच. येथे डोळा अधू नसतो, अवधान भलतीकडे वळविलेले असते.

जादूगार आपल्या करामतीस कला म्हणतो, तोवर तीत दोष नाही. तीच करामत दैवी शक्ती म्हणून खपविली की ती वंचना होते. राखेची घट्ट गोळी बोटांच्या बेचक्यात लपवून चुरली, की रिकाम्या भासणाऱ्या हातातून ‘विभूती’ झरते. तथाकथित चमत्कार दाखवून पैसा मिळविणे व लोकांस फसविणे, हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे.

संयुत्त निकायातील फेणपिंडूपम सुत्तात तथागतांनी विज्ञानाला चव्हाट्यावरील जादूगाराच्या मायेची उपमा दिली आहे. डोळस मनुष्य ती माया नीट निरखतो, तेव्हा त्याला ती पोकळ आढळते. त्याच निकायात पाटलिय नावाचा ग्रामप्रमुख तथागतांना विचारतो की, आपण माया जाणता, मग आपण मायावी नाही काय? तथागत त्याला कोलियांच्या दुराचारी शिपायांचे उदाहरण देतात. त्यांचा दुराचार जाणणारा पाटलिय स्वतः दुराचारी ठरत नाही. त्याचप्रमाणे माया जाणणारा मायावी ठरत नाही.

शब्दांचीही हातचलाखी असते आणि आमच्या मते तीच अधिक घातक होय. ‘कर्म’ हा शब्द घ्या. आरंभी त्याचा अर्थ मनुष्याची कृती असा सांगितला जातो, तो सर्वांना पटतो. पुढे नकळत त्या जागी पूर्वजन्मीचे संचित येते आणि दारिद्र्य व अस्पृश्यता ही त्याची फळे ठरतात. शब्द तोच राहतो, आतील वस्तू बदललेली असते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनी नेमके येथेच बोट ठेवले. बौद्ध व ब्राह्मणी कर्मसिद्धान्तांत शब्दसाम्य असले तरी आशय भिन्न आहे. गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त दीनदलितांच्या स्थितीची जबाबदारी समाजावरून व राज्यावरून काढून घेतो, असे त्यांनी दाखविले.

म्हणून प्रवचन असो वा निवडणुकीतील भाषण, एखादा शब्द आरंभी कोणत्या अर्थाने आला आणि शेवटी कोणत्या अर्थाने उरला, हे उपासक-उपासिकांनी ताडून पाहावे. सम्यक दृष्टीचा अभ्यास येथूनही आरंभता येतो.