आवाजाचा पत्ता

१९९०च्या आसपास डेथ मेटलचा अल्बम लावला, की पहिलं गाणं पुरतं सुरू होण्याआधीच तो कुठून आलाय हे कळायचं. ड्रमचा ठोकान्‌ठोका सुटा आणि गिटार कोरडी, धारदार असेल, तर फ्लोरिडातल्या टॅम्पाचा मॉरिसाउंड स्टुडिओ, आणि कन्सोलवर बहुधा स्कॉट बर्न्स. गिटार करवतीसारखी करकरत असेल, तर स्टॉकहोम आणि टोमास स्कॉग्सबर्गचा सनलाइट स्टुडिओ. एन्टूम्डचा ‘लेफ्ट हँड पाथ’ (१९९०) आणि डिसमेंबरचा ‘लाइक अ‍ॅन एव्हरफ्लोइंग स्ट्रीम’ (१९९१) हे दोन्ही अल्बम तिथलेच. सगळंच गढूळ, खोल आणि ओलसर वाटलं, तर तो इन्कँटेशन हा बँड किंवा त्यांच्या वाटेनं जाणारं कुणीतरी असायचं.

स्टॉकहोमच्या त्या करवतीचं गुपित मात्र स्वीडिश नव्हतं. बॉस एचएम-२ नावाचं ते एक जपानी पेडल होतं आणि तिथल्या पोरांनी त्याच्या चारही खुंट्या शेवटपर्यंत फिरवल्या होत्या. कंपनीनं १९९१मध्ये ते बनवणं थांबवलं. मग जुन्या पेडलांसाठी इतकी शोधाशोध सुरू झाली, की २०२१मध्ये कंपनीला ते नव्यानं बाजारात आणावं लागलं. आज अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातला गेटक्रीपर हा बँड तीच करवत चालवतो. त्यांचा ‘डार्क सुपरस्टिशन’ (२०२४) उत्तम बांधलेला आहे, गाणी तोंडात बसतात. पण डोळे मिटून ऐकलं तर वाळवंट कुठेही लागत नाही. कोस्टा रिकाच्या अ‍ॅस्ट्रिफेरसचा ‘पल्सेशन्स फ्रॉम द ब्लॅक ऑर्ब’ (२०२३) ऐकताना तर १९९२च्या फिनलंडमधल्या डेथ मेटलची आठवण येते. हेही अल्बमचं कौतुकच आहे, पण त्यात एक प्रश्न दडलेला आहे. आवाज आता कुणालाही विकत घेता येतो. मग बँडचा स्वतःचा पत्ता राहतो तरी कशात? गेल्या काही वर्षांतले अल्बम चाळताना मी हाच प्रश्न हाताशी धरला आहे.

या संगीताशी ओळख नसलेल्यांसाठी थोडंसं. गिटारी नेहमीपेक्षा बऱ्याच खालच्या सुरात लावलेल्या असतात. दोन्ही पायांनी बास ड्रम वाजत असतो. गायकाचा गुरगुराट निघतो तो मुख्यतः स्वरतंतूंच्या वर असलेल्या आभासी स्वरपट्ट्यांमधून, म्हणून रोज दीड तास गाऊनही जाणकार गायकाचा घसा शाबूत राहतो. शब्द कळत नाहीत, ते कळावेत अशी फारशी अपेक्षाही नसते. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या पझेस्डचा ‘सेव्हन चर्चेस’ १९८५चा आणि फ्लोरिडाच्या चक शुल्डिनरच्या डेथ या बँडचा ‘स्क्रीम ब्लडी गोर’ १९८७चा. तिथपासून मोजलं तर हा प्रकार आता चाळिशीत आहे, आणि चाळिशीतल्या कुठल्याही कलाप्रकाराप्रमाणे त्याचे नियम पक्के झालेत.

नियम पक्के असताना काय करता येतं, हे पाहायचं तर डेन्व्हरला जावं लागतं. ब्लड इन्कँटेशनचा ‘हिडन हिस्टरी ऑफ द ह्यूमन रेस’ (२०१९) पूर्ण अ‍ॅनालॉग पद्धतीनं ध्वनिमुद्रित झाला. मुखपृष्ठावर ब्रूस पेनिंग्टन यांचं जुन्या विज्ञानकथांच्या पुस्तकांवर शोभेल असं चित्र, गाण्यांत परग्रहवासी, प्राचीन संस्कृती आणि सृष्टीच्या उगमाच्या गोष्टी. विषय पोरकट वाटू शकतो. वाजवणं अजिबात पोरकट नाही. त्यानंतर २०२२मध्ये त्यांनी ‘टाइमवेव्ह झीरो’ काढला. त्यात ड्रमचा ठोका नाही की गुरगुराट नाही, आहेत ते मुख्यतः सिंथेसायझरचे लांबलचक पडदे. चाहते बुचकळ्यात पडले. २०२४च्या ‘अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर’मध्ये या दोन्ही वाटा एकत्र आल्या. अल्बमभर दोनच रचना, प्रत्येकीचे तीन भाग, ध्वनिमुद्रण बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत आणि पाहुणा म्हणून टँजरिन ड्रीमचा थॉर्स्टन क्वेशनिंग. ‘द स्टारगेट’ या पहिल्या रचनेच्या मध्यभागी सगळा गदारोळ एकाएकी बाजूला होतो आणि सत्तरच्या दशकातलं जर्मन इलेक्ट्रॉनिक संगीत समोर येतं. ही जोडाजोड ठिगळासारखी दिसायची भीती होती. तसं होत नाही, कारण परतीचा रस्ता आधीच आखलेला आहे. गुरगुराट पुन्हा येतो तेव्हा तो त्याच सुरांवर पाय ठेवून येतो. तरी माझी एक तक्रार आहे. दुसऱ्या रचनेत पिंक फ्लॉइडची सावली जरा जास्तच लांबते.

ब्लड इन्कँटेशनमधली तिघं स्पेक्ट्रल व्हॉइस या बँडमध्येही वाजवतात. तिथे गातो तोच माणूस ड्रमही वाजवतो. त्यांचा ‘स्पारागमॉस’ (२०२४) म्हणजे चारच गाणी, आणि प्रत्येक गाणं आपल्या सवडीनं चालतं. इथे अंतराळ नाही, पाहुणे नाहीत, उजेड नाही. बहुतेक तीच माणसं, तेच गाव, तरी दोन्ही अल्बमांचा आवाज एकमेकांशी बोलतसुद्धा नाही. म्हणजे पत्ता गावाचा म्हणावा तर तेही पुरतं जमत नाही.

ऑकलंडचा अल्सरेट हा मात्र माझ्या मते आजचा सर्वांत स्वतंत्र आवाज आहे. न्यूझीलंडमधले तिघे बरीच वर्षं सोबत वाजवताहेत: गिटारवर मायकेल हॉगार्ड, बास आणि गायन पॉल केलंडचं, ड्रमवर जेमी सेंट मेराट. ध्वनिमुद्रण, मिश्रण आणि मुखपृष्ठाची कलाही सेंट मेराटच सांभाळतो. एरवी या संगीतात गिटार रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, मांडते आणि ड्रम तिला ढकलत नेतो. इथे उलटं आहे. गिटार बेसूर वाटणाऱ्या सुरावटी लांबवर पसरवत राहते आणि गाण्याचा आकार ड्रम ठरवतो. ‘स्टेअर इन्टू डेथ अँड बी स्टिल’ (२०२०)मध्ये त्यांनी पहिल्यांदा सरळसरळ माधुर्य जवळ केलं, आणि ‘कटिंग द थ्रोट ऑफ गॉड’ (२०२४)मध्ये ते आणखी मुरलं. जवळपास तासाभराचा हा अल्बम दुसरं काम करता करता ऐकायचा नाही. मी तो मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून पाहिला. गिटारीचे मधले पदर पार नाहीसे होतात आणि उरतो फक्त खडखडाट. हेडफोन लावून बसलं तर ध्यानात येतं, की जो गोंगाट वाटत होता तो मोजून मापून रचलेला आहे.

टोरंटोच्या टूम मोल्डनं २०२३मध्ये ‘द एन्ड्युअरिंग स्पिरिट’ फारसा गाजावाजा न करता आणला. त्यात जॅझच्या अंगानं जाणारी निर्मळ गिटार आहे आणि अकरा मिनिटांहून मोठं शेवटचं गाणं तर खासच. रॉचेस्टरच्या अनडेथचा ‘मोअर इन्सेन’ (२०२४) याच्या अगदी उलट, सरळ मजेचा. माना हलवाव्यात आणि घरी जावं. असेही अल्बम लागतात.

कोपनहेगनची गोष्ट वेगळी आहे. तिथे हायपरडॉन्शिया, फ्रेनेलिथ, उंडरगँग अशा बँडांमध्ये माणसं इकडची तिकडे वाजवतात. किलटाउन डेथफेस्ट हा महोत्सवही त्याच गोतावळ्याच्या जिवावर उभा राहिला. उंडरगँग डॅनिशमध्ये गातो. ‘आल्ड्री ई लीवेट’ (२०२०) ऐकताना शब्द डॅनिश असोत की इंग्रजी, कानाला फरक पडू नये असं वाटतं. पण पडतो. व्यंजनं घशातच अडकतात आणि गुरगुराटाची लयच बदलून जाते. हायपरडॉन्शियाचा ‘हार्वेस्ट ऑफ मॅलेव्होलन्स’ (२०२४) जास्त चपळ आहे. त्या बँडमध्ये तुर्की आणि डॅनिश वादक एकत्र आहेत, आणि रिफवर रिफ रचण्यात ते कुणाला ऐकत नाहीत.

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा रिप्ड टू श्रेड्स म्हणजे मुळात एकट्या अँड्र्यू लीचा उद्योग. हा तैवानी-अमेरिकन गिटारवादक अल्बमांना चिनी नावं देतो आणि ती मुखपृष्ठावर चिनी लिपीतच छापतो: ‘लुआन’ (२०२०), ‘ज्युबिएन’ (२०२२), ‘सानशी’ (२०२४). गाण्यांचे विषय चीनमधली यादवी, तिथला इतिहास, तिथल्या भुताखेतांच्या कथा. आवाज बराचसा जुना स्वीडिश, पण गिटारीचे सोलो त्यात मावत नाहीत इतके उत्साही. पेडल उसनं, सांगायची गोष्ट मात्र घरची! माझ्या प्रश्नाला मिळालेलं हे सर्वांत रोखठोक उत्तर आहे.

एका गोष्टीकडे काणाडोळा करता येत नाही. प्रेतं, कापाकापी हा या संगीताचा जुना मालमसाला आहे आणि त्यात एक काळं विनोदी अंगही आहे. पण स्लॅम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपप्रकारात बाईच्या शरीरावरचा अत्याचार हाच विषय असलेली गाणी अजून सर्रास निघतात. त्यांना परंपरेचं पांघरूण घालण्याचे दिवस सरलेत. ब्राझीलच्या क्रिप्टा या चार बायकांच्या बँडचा ‘शेड्स ऑफ सॉरो’ (२०२३) त्या पार्श्वभूमीवर ऐकावा. अतिशय नेटका अल्बम आहे, थोडा जास्तच नेटका.

हे सगळं आपल्यापर्यंत येतं कसं? पूर्वी कॅसेटी टपालानं देशोदेशी फिरायच्या. आता बहुतेक व्यवहार बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर होतो. ती कंपनी २०२२मध्ये एपिक गेम्सनं घेतली, पुढच्याच वर्षी साँगट्रेडरला विकली, आणि विक्रीबरोबर जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. भूमिगत म्हणवणारं संगीत इतक्या मोठ्या मालकांच्या मर्जीवर चालावं, हे विचित्रच.

या जाळ्यातली एक महत्त्वाची गाठ मुंबईत आहे. ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी हे मुंबईचं रेकॉर्ड लेबल जगभरातले डेथ मेटल बँड प्रकाशित करतं. नॉर्वेच्या डिस्कॉर्डचा ‘डिजनरेशन्स’ (२०२१), लिथुएनियाच्या क्रिप्ट्स ऑफ डिस्पेअरचा ‘ऑल लाइट स्वॉलोड’ (२०२१), न्यू जर्सीच्या रेप्लिकंटचा ‘इन्फिनिट मॉर्टॅलिटी’ (२०२४) हे सगळे त्यांचेच. यांतला रेप्लिकंट जरूर ऐकावा. क्विबेकच्या गॉर्गट्सनं ‘ऑब्स्क्युरा’ (१९९८)मध्ये जी वेडीवाकडी गिटार आणली तिचं ऋण उघड आहे, पण या पोरांना त्या वाकडेपणातही ठेका धरायला लावता येतो.

मुंबईचे स्वतःचे बँडही आहेतच. गटस्लिट २००७पासून वाजवतोय; त्यांचा ‘अ‍ॅम्प्युथिएटर’ (२०१७) घेऊन ते युरोपात हिंडून आले. साहिल मखिजाच्या डिमॉनिक रेझरेक्शननं त्याच वर्षी ‘दशावतार’ काढला, अवताराला एक गाणं या हिशोबानं. हाच साहिल यूट्यूबवर स्वयंपाकही शिकवतो. डीमनस्टीलर या नावानं त्यानं केलेला ‘द प्रोपगंडा मशीन’ (२०२३) खोट्या प्रचारावर आणि त्यावर पोसलेल्या राजकारणावर थेट बोट ठेवतो. भारतातल्या मेटलमध्ये इतकं स्पष्ट बोलणारे फार नाहीत. ड्रम निरनिराळ्या परदेशी वादकांनी वाजवलेत, हॅनेस ग्रॉसमन त्यांतला एक. प्रत्येकानं आपापला भाग अचूक वाजवलाय, आणि माझी अडचण नेमकी तीच आहे. अल्सरेटच्या तिघांत वर्षानुवर्षांच्या सहवासातून जी ओढाताण येते, ती इथे ऐकू येत नाही. या गाण्यांना एकच ड्रमर मिळावा आणि त्याच्यासोबत महिनोन्‌महिने घासायला एक खोली मिळावी, असं सारखं वाटत राहतं. पण मुंबईत ती खोली परवडणार कुणाला? आणि घासून झाल्यावर वाजवायचं कुठे? एकेकाळी रॉकचं हक्काचं ठिकाण असलेलं धोबी तलावचं रंगभवन शांतता क्षेत्रात आल्यानं कधीच गप्प झालं.