कुत्र्यांसाठी बाग आणि माणसांची सभा

कुत्र्यांना मोकळे धावता यावे म्हणून कुंपण घालून एखादी स्वतंत्र बाग करावी की नाही, हा प्रश्न दैनिकाच्या पहिल्या पानावर आलेला पाहून काही वाचकांस हसू येईल. त्यांनी अवश्य हसून घ्यावे. मात्र हसून झाल्यावर पुढे वाचावे, एवढीच आमची विनंती आहे. पुण्याच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्याच्या वेशीवर, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जी नवी वस्ती उभी राहिली आहे, तिच्यात घरी कुत्रा पाळणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. आठव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत वाढणाऱ्या जनावरास दिवसातून घटकाभर तरी साखळीवाचून धावता यावे, ही त्या कुटुंबांची इच्छा निसर्गास धरूनच आहे. बोलण्यात ज्याला 'डॉग पार्क' म्हणतात, त्याची मागणी केवळ चैनीपोटी होते असे आम्ही मानीत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. ही जागा कोणाच्या वाट्यातून द्यायची, आणि ती देण्यापूर्वी कोणाकोणास विचारायचे?

अशी योजना लवळे गावी पुढे आली, तर काय होईल याचा विचार करू. लवळ्याचे नाव आम्ही उगाच घेतलेले नाही. जून २०२१ मध्ये तेवीस गावे पुणे महापालिकेत गेली, त्यांत सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक ही जवळची गावे होती. लवळे त्या यादीत नव्हते. त्यामुळे तेथील कारभार ग्रामपंचायतीकडेच राहिला. याच गावाच्या हद्दीत सिंबायोसिस आंतरराष्ट्रीय विद्यापीठाचा टेकडीवरील परिसर आहे, त्याचे रुग्णालय आहे, आणि फ्लेम विद्यापीठही आहे. म्हणजे एकाच गावाच्या नकाशावर तीन प्रकारची माणसे नांदत आहेत. पिढ्यान्‌पिढ्या शेती व गुरे सांभाळणारे मूळचे गावकरी, दोन-चार वर्षांसाठी आलेले विद्यार्थी व त्यांचे अध्यापक, आणि नव्या इमारतींतील नोकरदार कुटुंबे. तिघांचीही कुत्री आहेत. पण तिघांच्या मनात 'कुत्रा' या शब्दाचा अर्थ एक नाही.

सदनिकेतल्या माणसाचा कुत्रा गळ्यात पट्टा घालून, लस टोचून, नावाने ओळखला जातो. विद्यापीठाच्या फाटकाशी पडून राहणारा कुत्रा कोणाचाच नसतो, आणि भोजनगृहातून येता-जाता पोळी टाकणाऱ्या पन्नास मुलांचा असतो. गावातला कुत्रा याहून वेगळा. तो वस्तीचा असतो. रात्री गोठ्यापाशी बसतो, परका दिसला की भुंकतो, धन्याच्या मागोमाग शेतावर जातो. पण त्याच्या गळ्यात ना पट्टा, ना त्याची कोठे नोंद. दत्ताच्या पायांशी आणि खंडोबाच्या घोड्याबरोबर ज्या समाजाने कुत्र्यास जागा दिली, पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा ज्या समाजाने जपली, त्या समाजाला 'पाळीव' आणि 'मोकाट' या दोनच रकान्यांत हे जनावर बसविता येत नाही. कायद्याला मात्र रकाने लागतात.

आणि कायदा आता लवळ्याच्या दाराशी येऊन ठेपला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्लीतील भटकी कुत्री उचलून निवारागृहांत ठेवण्याचा आदेश दिला. त्यावर देशभर गदारोळ झाला, आणि अकराच दिवसांनी, २२ ऑगस्टला, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो सौम्य केला. निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्री पूर्वीच्याच जागी सोडावीत, रेबीज झालेली वा फार आक्रमक असलेली तेवढी सोडू नयेत, आणि त्यांना खाऊ घालण्याच्या जागा नेमून द्याव्यात, असे ठरले. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके येथील कुत्री हलवावीत आणि ती पुन्हा तेथे आणून सोडू नयेत, असे बजावण्यात आले. ज्या गावात दोन विद्यापीठे आणि एक मोठे रुग्णालय आहे, त्या गावाने या आदेशाचा अर्थ नीट लावावयास हवा. टेकडीवरून हलविलेली कुत्री निवारागृहात जावयाची आहेत. पण निवारागृह नसेल किंवा पुरेसे नसेल, तर ती खालच्या वस्तीत येणार, हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही. तेव्हा चिठ्ठी कोणाच्या नावे फाटेल? पहाटे दूध घालण्यास निघणाऱ्या माणसाच्या, आणि पायी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या.

२०२४ साली देशात कुत्रा चावल्याच्या सदतीस लाखांहून अधिक घटनांची नोंद झाली, असे सरकारी आकडे सांगतात. रेबीज एकदा अंगात भिनल्यावर त्यावर इलाज नाही. वेळेवर घेतलेली लस हाच काय तो उपाय. म्हणून आम्ही स्पष्ट म्हणतो की कुत्र्यांच्या बागेचा विचार निर्बीजीकरणाच्या केंद्राचा विचार सोडून करता येणार नाही. केंद्राच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी खाऊ घालण्याच्या जागा ठरविण्याची जबाबदारी रहिवासी संघांवर आणि स्थानिक संस्थांवर टाकली आहे, आणि त्या जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणांपासून व येण्याजाण्याच्या वाटांपासून दूर असाव्यात असेही सांगितले आहे. पट्टा घातलेल्या वीस कुत्र्यांसाठी हिरवळ आणि बाकीच्यांसाठी उकिरडा, अशी विभागणी झाली तर बागेचे कुंपण हेच तंट्याचे मूळ ठरेल.

आता जागेचा प्रश्न. नव्या इमारतींच्या आराखड्यात मोकळी जागा राखावीच लागते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीने चार हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के जागा मोकळी ठेवण्यास सांगितले आहे. कुत्र्यांसाठी कोपरा राखावयाचा असेल तर तो प्रथम येथे राखावा, आणि सोसायटीतील वृद्धांनी व लहान मुलांच्या आयांनी त्यास संमती द्यावी. गायरान मात्र या कामी मागू नये. शहरातून आलेल्या माणसास गायरान ही रिकामी पडलेली जागा वाटते. ती रिकामी नसते. गावची गुरे व शेळ्या-मेंढ्या तेथे चरतात, सरपण तेथून येते, फिरस्त्याचा तळ तेथे पडतो. गावांच्या सामाईक जमिनी अतिक्रमणांतून सोडवाव्यात असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच दिला आहे. शेळ्यांनी सोडलेल्या जागेवर आयते कुंपण घालून तेथे परदेशी जातीची कुत्री फिरविणे, हे दिसावयासही शोभणार नाही.

विचारणे म्हणजे काय, याविषयी आपल्या कारभारात फार सोईस्कर समजूत रूढ झाली आहे. आम्ही काही वर्षे शाळेत शिकविण्याचे काम केले आहे. धडा संपवून, घंटा होण्याच्या बेतात 'समजले ना?' असे विचारले की सारा वर्ग एका सुरात 'हो' म्हणतो, हे आम्ही जाणतो. योजनेचा नकाशा काढून, खर्चाचा अंदाज बांधून, मग 'हरकती व सूचना' मागविणे हा त्याच जातीचा प्रकार आहे. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २०२१ साली प्रारूप विकास आराखडा जाहीर केला, तेव्हा त्यावर सुमारे सदुसष्ट हजार हरकती व सूचना आल्या. सुनावण्या झाल्या, प्रकरण न्यायालयात गेले, आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडाच रद्द केला. चार वर्षे आणि सदुसष्ट हजार कागद! आधी गावोगाव जाऊन चार गोष्टी ऐकल्या असत्या तर यांतील किती कागद वाचले असते, याचा हिशेब कोणी केला तर आम्हांस तो छापावयास आवडेल.

न विचारता कुत्र्यांविषयी निर्णय घेतल्याने काय घडते, याचा दाखला मुंबईच्या इतिहासातच आहे. १८३२ च्या जून महिन्यात इंग्रज सरकारने शहरातील भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालविली होती. प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. बक्षिसाच्या लोभाने घरांतली कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली. पारशी समाजात कुत्रा पवित्र. त्यात ही मोहीम त्यांच्या धार्मिक दिवशी आली. कोटात दंगल उसळली, दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली, आणि कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारी रसद अडली. सरकारास कुत्री मारण्याऐवजी ती शहराबाहेर नेण्यास संमती द्यावी लागली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. दंगलीआधी चार पारशी गृहस्थांना बोलावून विचारले असते, तर तोडगा तेव्हाही हाच निघाला नसता काय?

बाहेरचे अनुभवही पाहण्यासारखे आहेत. अमेरिकेत बर्कली येथे १९७९ साली भुयारी रेल्वेच्या मार्गावर मोकळ्या झालेल्या जागेत कुत्र्यांचे जे उद्यान झाले, ते प्रथम प्रयोग म्हणूनच करण्यात आले. तरीही भुंकण्याविषयी शेजाऱ्यांच्या तक्रारी पुढे कित्येक वर्षे चालूच राहिल्या. आपल्याकडे हैदराबादेत कोंडापूर येथे तेथील महापालिकेने २०१८ मध्ये असे उद्यान केले. पण ती शहरे आहेत. लवळ्यात शहराची सवय आणि गावाची जमीन यांची गाठ पडते, म्हणून तेथे अधिक जपून पावले टाकावी लागतील.

कायद्याने त्यासाठी साधन दिलेले आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामसभा दिली, १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तिला घटनेत स्थान दिले, आणि राज्याच्या कायद्याने तिच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याचा दंडकही घातला. प्रत्यक्षात गणपूर्तीवाचून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्ती लागत नाही, म्हणून दहा-बारा माणसांत ठराव मंजूर होतात, हे खेड्यापाड्यांत कोणास ठाऊक नाही? त्यातून ग्रामसभा म्हणजे गावच्या यादीतील मतदार. नव्या इमारतीतल्या कितीतरी जणांचे मत अजून कोथरुडात किंवा थेट नागपुरात असते. विद्यार्थ्यांचे तर परप्रांतातही. उलट सोसायटीची वार्षिक सभा भरते, तीत शेजारच्या वस्तीला स्थान नाही. दोन्ही सभा कायदेशीर आणि दोन्ही अपुऱ्या. म्हणून बागेविषयीची पहिली बैठक ग्रामपंचायतीने बोलवावी. तीत मतदार नसलेल्यांनाही बोलू द्यावे, आणि निर्णय मात्र ग्रामसभेनेच घ्यावा.

एवढे झाल्यावर जागा पाहण्यासाठी सर्वांनी मिळून पायी फिरावे. कागदावर जी पट्टी रिकामी दिसते तेथून पाणंद जाते की ओढा, हे म्हाताऱ्या गावकऱ्यास विचारल्यावाचून कळत नाही. बाग एक वर्षापुरती करावी. लस टोचल्याचा दाखला असल्यावाचून आत प्रवेश नसावा. सफाईचा खर्च बाग वापरणाऱ्यांनी द्यावा, पंचायतीच्या पाणीपट्टीतून तो निघू नये. वस्तीतील कुत्र्यांच्या लसीकरणाचा दिवस बागेच्या उद्घाटनाच्या आधी ठरावा, नंतर नव्हे; आणि त्या कामी विद्यापीठांनी आपली वाहने व माणसे द्यावीत. सभेची नोटीस चावडीवर लागते, ती सोसायट्यांच्या फाटकांवर आणि वसतिगृहांच्या फलकांवरही लावावी. सभेची वेळ सकाळी दहाची ठेवू नये. दूध घालून माणसे परतलेली असतात आणि नोकरदारही घरी असतात, अशी रविवारची संध्याकाळ गाठावी.