राजहंसाचा पंख का वळतो?

(सामुदायिक रेडिओवरच्या ‘आपलं गोठा-खुराडं’ या कार्यक्रमातलं भाषण)

 

मी तुमची पशुसखी. शेळ्या आणि कोंबड्यांबद्दल आपण नेहमी बोलतो. आज बोलू राजहंसाबद्दल. मळ्यातल्या वस्तीवर अनोळखी माणूस आला की मान लांब करून जो अख्खी आळी जागी करतो, तो पक्षी. राखणीसाठी पाळायचा आणि पिल्लं वाढवून विकायची, म्हणून हल्ली काही बायका तो ठेवतात.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका वहिनींनी कर्ज काढून सहा पिल्लं आणली. हौसेनं वाढवली. ब्रॉयलर कोंबड्यांचं खाद्य दिवसभर भांड्यात भरलेलं. वर बेकरीतले शिळे पाव आणि चहात बुडवलेली बिस्किटं. पिल्लं अशी फुगली की बघणारा म्हणे, ‘वा, काय अंग धरलंय!’ पण दीड महिन्यात चार पिल्लांचे पंख बाहेर वळले. पिसं अंगाला चिकटून न बसता विमानाच्या पंखासारखी आडवी उभी राहिली. गिऱ्हाईक आलं, बघितलं आणि गेलं.

मग घरात सुरू झालं. सासूबाई म्हणाल्या, धाकट्या सुनेनं पंखाला धरून उचललं म्हणून झालं. शेजारीण म्हणाली, नजर लागली. कोणी म्हणालं, रोग आहे, उरलेली दोन आत्ताच विकून टाका. ती सून बिचारी चार दिवस नीट जेवली नाही.

मैत्रिणींनो, यातलं एकही कारण खरं नव्हतं. चूक भांड्यात होती, आणि ती मायेपोटी झाली होती.

आता हे होतं कसं, ते समजून घेऊ. तुमचा हात पुढे करा. खांदा, कोपर, मनगट. पक्ष्याच्या पंखालाही असेच तीन सांधे असतात. उडण्याची सगळ्यात लांब पिसं मनगटाच्या पुढच्या भागावर येतात. पिल्लू साधारण महिन्याचं झालं की ही पिसं जोरात वाढू लागतात. वाढत असताना पिसाच्या नळीत रक्त भरलेलं असतं. नळी निळसर, जाड दिसते आणि जड असते. पीस पूर्ण वाढलं की रक्त आटतं, नळी पोकळ होते आणि पीस हलकं होतं.

मधले हे काही आठवडेच नाजूक. कच्च्या मांडवावर भोपळे भराभर धरले तर मांडव वाकतो ना, तसंच इथे होतं. जास्त पौष्टिक खाणं भरपूर मिळालं की पिसं आणि वजन भराभर वाढतं, पण मनगटाची हाडं आणि स्नायू तेवढ्या लवकर बळकट होत नाहीत. पिसांच्या ओझ्यानं मनगटाचा पुढचा भाग खाली लोंबतो आणि मग बाहेर पिळला जातो. हाडं पक्की झाली की तो तसाच राहतो. एकच पंख वळला तर तो बहुतेक वेळा डावा असतो. इंग्रजीत याला ‘एंजल विंग’ म्हणतात.

खाण्याबरोबर आणखीही गोष्टी असतात. पिल्लाला हिंडायला मिळालं नाही, मँगनीज किंवा ई आणि ड जीवनसत्त्व कमी पडलं, तर धोका वाढतो. काही वेळा तो वंशातूनही येतो. पण वंश आपल्या हातात नाही, भांडं आहे.

पाव हे काही विष नव्हे. पण पावानं पोट भरतं, आणि पोट भरलं की पिल्लू गवताला तोंड लावत नाही. राजहंस हा मुळात चरणारा पक्षी आहे. कोंबडी उकिरडा उकरते, बदक चिखलात चोच घालतं, राजहंस मात्र गाईसारखं गवत खुडतो. गवतानं पोट भरतं पण वाढ बेताची होते, आणि चरताना चालणंही होतं. हेच त्याच्या अंगाला मानवतं.

मग खायला घालायचं कसं? वहीत लिहून घ्या.

पहिले तीन आठवडे पिल्लाला ताकदीचं खाद्य लागतंच. तेव्हा हात आखडू नका. साधारण 20 ते 22 टक्के प्रथिनं असलेलं स्टार्टर द्या, सोबत बारीक चिरलेला कोवळा पाला. कोंबड्यांच्या काही खाद्यांत औषध मिसळलेलं असतं, म्हणून घेण्याआधी पशुवैद्यकांना विचारा.

तीन आठवडे झाले की खाद्य बदला. आता प्रथिनं 15 ते 16 टक्के पुरतात. खाद्याच्या पोत्याला चिठ्ठी शिवलेली असते, तिच्यावर ‘क्रूड प्रोटीन’ असं लिहून पुढे आकडा असतो. वाचता येत नसेल तर शाळेतल्या मुलीकडून वाचून घ्या. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तलंगांना देतात ते ‘ग्रोअर’ खाद्य साधारण 16 टक्क्यांचं असतं, ते चालतं. अंड्यावर आलेल्या कोंबडीचं ‘लेयर’ खाद्य मात्र पिल्लांना नको. त्यात कॅल्शियम फार असतं.

भांडं दिवसभर भरलेलं ठेवू नका. सकाळ-संध्याकाळ द्या, पंधरा-वीस मिनिटांत संपेल एवढंच. बाकी वेळ हरळी, लसूणघास, तांदुळजा, घोळ अशा हिरव्यावर सोडा. फवारणी केलेल्या बांधावर मात्र सोडू नका. पाणी एका टोकाला आणि खाद्य दुसऱ्या टोकाला ठेवा, म्हणजे पाय चालतात. पाणी चोच नाकपुडीपर्यंत बुडेल इतकं खोल हवं.

आणि बुरशी आलेली पेंड, मका किंवा पाव कधीच देऊ नका. बुरशीचं विष बदक-राजहंसांना कोंबडीपेक्षा लवकर बाधतं.

आता, पंख वळायला लागलाच तर? पिल्लू रोज बघा. वाढत्या पिसांच्या ओझ्यानं पंख थोडा खाली लोंबणं नेहमीचं आहे. टोक बाहेर फिरू लागलं की समजा, आता थांबायचं नाही. त्याच दिवशी ताकदीचं खाद्य कमी करा, हिरवं वाढवा आणि पिल्लू पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. पंख नेहमीसारखा घडी करून त्यावर मऊ पट्टी गुंडाळतात. पंखाची घडी तेवढी बांधायची, छातीभोवती आवळायचं नाही. छाती हलली नाही तर पक्ष्याला श्वास घेता येत नाही. तीन ते पाच दिवसांत पट्टी काढायची, नाहीतर सांधा आखडतो. सुरुवातीच्या दिवसांत हे केलं तर पंख बरेचदा जागेवर येतो. हाडं पक्की झाल्यावर पट्टीचा उपयोग नाही.

पण म्हणून तो पक्षी टाकून देऊ नका. हा रोग नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. तो पक्षी चालतो, चरतो, राखण करतो. त्याची अंडी आणि मांस खायला हरकत नाही. फक्त पिल्लं काढायला तो ठेवू नका, वंशात दोष असला तर पुढे जातो.

त्या वहिनींचं पुढे काय झालं? दोन पिल्लांचे पंख नुकतेच वळू लागले होते, ते पट्टीनं सुधारले. दोन तसेच राहिले, ते आता मळ्यावर राखणीला आहेत. या वर्षी त्यांनी पुन्हा चार पिल्लं आणली. चिठ्ठी वाचून खाद्य आणलं, आणि दुपारी धाकटी सून त्यांना बांधावर चारायला नेते. चारही पिल्लांचे पंख पाठीवर व्यवस्थित बसलेत. सासूबाईंनी परवा मला तोंडानं सांगितलं, ‘पोरीला उगाच बोलले गं मी.’

तर मैत्रिणींनो, एक काम करा. पुढच्या बैठकीला आपापल्या घरच्या खाद्याच्या पोत्यावरची चिठ्ठी घेऊन या. सगळ्या मिळून वाचा, आकडा बघा. आणि कुणाच्या घरात एखादं पिल्लू वाकडं निघालं, तर आधी घरातल्या बाईकडे बोट दाखवू नका. भांड्यात काय आहे ते बघा.

पुढच्या वेळी पावसाळ्यातल्या कोंबड्यांच्या लसीबद्दल बोलू. तोवर सांभाळून राहा. नमस्कार!