काटा काय सांगतो?

‘जाड्या’, ‘ढब्बू’ या हाका जुन्नर-आंबेगावात बहुधा लाडाच्याच. पण लठ्ठ माणूस आळशी नि खादाड असणारच असे धरून नोकरीत, स्थळ पाहताना, दवाखान्यात त्याला कमी लेखणे म्हणजे वजनभेद (वजनावरून होणारा पक्षपात). नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट नुसते तोलून भाव ठरत नाही, माल बघावा लागतो. माणसाला मात्र आपण बघताक्षणी तोलतो!

काटा तर चरबीही नीट सांगत नाही. २००४ साली पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे छापली. बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) दोघांचा २२.३, चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. शिवाय वजनात आनुवंशिकता, थायरॉइड, काही औषधे यांचाही वाटा असतो. तेव्हा लग्नाच्या पंगतीत कुणाला ‘आता बास की’ म्हणण्याआधी जरा थांबा.