मणक्याचा दाहक संधिवात : ओळख, मोजमाप आणि सोबत



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी शिक्षण, नोकरी आणि धम्मकार्य यांवर लेख येतात. यंदा संपादक मंडळाने आम्हांला आरोग्यावर लिहावयास सांगितले. आम्ही डॉक्टर नाही. बँकेत लिपिक आहोत आणि कला शाखेचे पदवीधर आहोत. तरीही हे धाडस करतो, कारण ज्या आजाराविषयी लिहीत आहोत तो वीस वर्षांहून अधिक काळ आमच्या पाठीत मुक्कामाला आहे.

सन २००२ च्या सुमारास, ऐन पंचविशीच्या आत, आमची कंबर पहाटे दुखू लागली. तीन-साडेतीनला जाग यायची, कूस बदलता येत नसे. सकाळी उठताना अंग लाकडासारखे ताठ. दहा-अकरा वाजेपर्यंत हिंडल्यावर मोकळे वाटायचे आणि दुपारी आम्ही धडधाकट दिसायचो. वडील जन्मभर उसाच्या रानात राबलेले. त्यांना वाटे, पोरगा शिकला आणि आळशी झाला. कोणी 'मणक्यात गॅप' सांगितली, कोणी सायटिका, कोणी पट्टा देऊन सक्तीची विश्रांती सांगितली. विश्रांतीने दुखणे वाढले. खरे निदान व्हायला सात वर्षे गेली आणि तेवढ्यात मान पूर्ण वळेनाशी झाली. ती सात वर्षे परत येणार नाहीत; पण आपल्या वस्तीतील एखाद्या मुलाची तरी वाचावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आजार कोणता?

याचे वैद्यकीय नाव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. शरीराची संरक्षणव्यवस्था बिघडून स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सुरुवात बहुधा माकडहाड आणि कमरेचे हाड जिथे जुळते त्या सांध्यात होते. तेथे दाह होतो, म्हणजे सूज आणि जळजळ. अनेक वर्षांनी काहींच्या मणक्यांमध्ये नवे हाड तयार होऊन मणके एकमेकांस जोडले जातात व पाठ वाकलेल्या स्थितीत अडकते. टाच दुखणे, छाती आखडणे, डोळा लाल होणे हीही याचीच अंगे आहेत.

सन १९७३ मध्ये लंडन व लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी एचएलए-बी२७ या रक्तातील आनुवंशिक खुणेचा या आजाराशी संबंध दाखवून दिला. मात्र ही खूण असलेल्या बहुसंख्य लोकांना हा आजार कधीच होत नाही. म्हणून नुसता रक्ताचा रिपोर्ट पाहून घाबरू नये. हा आजार स्पर्शाने पसरत नाही. पूर्वजन्मीच्या पापाने होत नाही, करणीने तर नाहीच. बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धीचा मार्ग दाखविल्यावरही गंडेदोरे आणि देवऋषी यांच्या दारात आपला माणूस दिसावा, याचे दुःख वाटते.

भिगवणची आठवण

आपल्या इंदापूर तालुक्यातील भिगवणचे नाव उजनीच्या फ्लेमिंगो पक्ष्यांमुळे सर्वांना ठाऊक आहे. पण सांधेदुखीच्या अभ्यासातही हे गाव जगाला माहीत आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. सन १९९६ मध्ये पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेशी निगडित कॉपकॉर्ड कार्यक्रमाखाली तेथे सर्वेक्षण केले. गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून घरोघर पाठविले. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शंभरात अठरांहून अधिक लोकांना, हाडे-सांधे-स्नायूंचे दुखणे आढळले. त्यांतील बहुतेक दुखणी झिजेची किंवा स्नायूंची होती. दाहक संधिवाताचे रुग्ण त्यामानाने थोडे.

यातच आपली खरी अडचण आहे. कंबर दुखणारी माणसे घरटी सापडतात, त्यामुळे त्या गर्दीत हा वेगळा आजार लपून जातो.

साधी कंबरदुखी की ही?

कष्टाने होणारी कंबरदुखी काम केल्यावर वाढते व पडून राहिल्यावर कमी होते. या आजाराचे उलटे आहे. पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात :

१) दुखणे पंचेचाळिशीच्या आत, बहुधा तरुण वयात, हळूहळू सुरू झालेले.
२) तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेले.
३) रात्रीच्या उत्तरार्धात जाग आणणारे.
४) सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ ताठरपणा.
५) हालचालीने आराम, विश्रांतीने त्रास.
६) कधी उजव्या तर कधी डाव्या कुल्ल्यात दुखणे.

अशा खुणा असतील तर बारामतीच्या सिल्व्हर ज्युबिली रुग्णालयात किंवा पुण्याच्या ससूनमध्ये दाखवावे आणि 'मला संधिवाताच्या दृष्टीने तपासा' असे स्पष्ट सांगावे. सुरुवातीची काही वर्षे एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. तेव्हा एमआरआयमध्ये दाह दिसू शकतो. स्त्रियांनाही हा आजार होतो. 'बायकांची कंबर दुखायचीच' असे म्हणून त्यांचे निदान अधिकच लांबते.

मोजमाप कसे करावे?

आम्ही बँकेतले, त्यामुळे खात्याची नोंद ठेवण्याची सवय. दुखण्याचेही पासबुक ठेवावे. इंग्लंडमधील बाथ शहरातील डॉक्टरांनी १९९४ मध्ये सहा प्रश्नांची एक पद्धत प्रसिद्ध केली. तिला बासडाय म्हणतात. गेल्या आठवड्यातील थकवा, मान-पाठ-खुब्याचे दुखणे, इतर सांध्यांचे दुखणे व सूज, दाबल्यावर होणारी वेदना, सकाळच्या ताठरपणाची तीव्रता आणि तो किती वेळ टिकतो, या सहांना शून्य ते दहा गुण द्यायचे. ताठरपणा दोन तास वा अधिक टिकल्यास दहा गुण.

समजा गुण ६, ७, ३, ४, ८ आणि ६ आले. शेवटच्या दोहोंची सरासरी ७. पहिल्या चारांची बेरीज २०, त्यात ७ मिळवून २७. त्याला पाचने भागून ५.४. चार वा अधिक आल्यास आजार जागा आहे असे समजून डॉक्टरांना वही दाखवावी.

टेपनेही मोजता येते. भिंतीला टाचा व पाठ लावून ताठ उभे राहावे. डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकली पाहिजे. टेकत नसेल तर मधले अंतर लिहावे. पूर्ण श्वास सोडून छाती मोजावी, पूर्ण श्वास घेऊन पुन्हा मोजावी. फरक अडीच सेंटिमीटरहून कमी असेल तर छाती आखडली आहे. एका दिवसाच्या आकड्याला फार अर्थ नाही, सहा महिन्यांच्या आकड्यांना आहे.

रोजचे जगणे

व्यायाम हे यावरील निम्मे औषध आहे. रोज पाठ, मान व छातीचे ताण, खोल श्वास, चालणे, जमल्यास पोहणे. उशी पातळ, अंथरूण कडक. काउंटरवर बसून काम करणाऱ्याने अर्ध्या-पाऊण तासाने उठावे. विडी-सिगारेट बंद, कारण धूम्रपानाने मणक्यांचे नुकसान वाढते. 'मणका बसवून' देणाऱ्याकडे मुळीच जाऊ नये. जोडलेला मणका झटक्याने मोडू शकतो. निनावी पुड्याही नकोत. त्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड असते. आठ दिवस बरे वाटते आणि पुढे हाडे ठिसूळ होतात.

सूज कमी करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, पोट व मूत्रपिंड सांभाळून घ्याव्यात. त्यांनी भागले नाही तर जैविक इंजेक्शने आहेत. ती महाग असली तरी भारतात बनलेली तुलनेने स्वस्त मिळतात. ती घेण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी अत्यावश्यक. डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. हालचालीवर फार मर्यादा आल्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली वैद्यकीय मंडळाकडून तपासणी करून घेता येते. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व ठरल्यास सवलती मिळतात.

शेवटी

आम्हांला विहारात मांडी घालून फार वेळ बसता येत नाही. पूर्वी याची लाज वाटे, म्हणून मागच्या मागे निघून जात असू. मग मज्झिम निकायातील सेख सुत्ताची माहिती झाली. कपिलवस्तूला शाक्यांच्या नव्या सभागृहात रात्री बराच वेळ उपदेश केल्यावर भगवंतांनी आनंदाला पुढे बोलावयास सांगितले, कारण त्यांची पाठ दुखत होती. आणि संघाटी अंथरून ते उजव्या कुशीवर पहुडले. तथागतांना ज्याची लाज वाटली नाही त्याची आम्हांस का वाटावी? आता आम्ही भिंतीकडेला खुर्ची घेतो आणि वंदना पूर्ण करूनच उठतो.

दुःख आहे, त्याला कारण आहे, हे तथागतांनी एखाद्या वैद्याप्रमाणे सांगितले. तेव्हा आपल्या घरातील तरुण मुलगा वा मुलगी सकाळी उठत नसेल, तर आळशी म्हणण्याआधी एवढेच विचारा : 'बाळ, पहाटे कंबर दुखते का?' आमच्या वडिलांना हा प्रश्न कोणी शिकविला नव्हता. आपल्याला आता तो माहीत आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.