अल्पपरिचित वेब-मंचाच्या स्वीकारातील अडथळे

एखादे साधन प्रचलित साधनाहून सरस असले म्हणजे ते यथाकाल रूढ होतेच, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. वेब-आज्ञावली रचण्याच्या मंचांचा इतिहास या समजुतीस फारसा दुजोरा देत नाही. २००३ साली आलेल्या वर्डप्रेसवर आज जगातील सुमारे दोन-पंचमांश संकेतस्थळे चालतात. परंतु त्यानंतर आलेले व कित्येक बाबतींत अधिक सुघटित असलेले मंच मूठभर जाणकारांपुरतेच राहिले. असे का व्हावे, याचा विचार मुंबईत निर्माण झालेल्या ‘फ्रॅपे’ या मंचाच्या आधारे प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणासाठी रसायनी-पाताळगंगा परिसरातील एखादा लहान रासायनिक कारखाना डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे होईल.

प्रथम मंचाचे स्वरूप पाहू. ऋषभ मेहता यांना आपल्या घरच्या फर्निचरच्या व्यवसायात नोंदव्यवस्थेची अडचण जाणवली. तिच्यातून ‘ईआरपीनेक्स्ट’ ही व्यवसाय-व्यवस्थापनाची मुक्तस्रोत आज्ञावली व तिच्या तळाशी असलेला फ्रॅपे हा मंच उदयास आला. फ्रॅपेची मध्यवर्ती कल्पना ‘डॉकटाइप’ ही होय. कारखान्यातील ‘बॅच-नोंद’ या कागदाचे वर्णन, म्हणजे त्यातील रकाने, त्यांचे प्रकार व तो कोणी पाहावा आणि कोणी बदलावा याचे नियम, एकदा लिहून दिले, की माहितीसाठ्यातील तक्ता, भरावयाचा अर्ज, यादी, परवानग्या आणि इतर आज्ञावल्यांशी संवाद साधण्याची सोय ही सर्व त्या वर्णनातून सिद्ध होतात. कच्च्या मालाची आवक, प्रयोगशाळेतील चाचणी, बॅच व रवानगी अशी कागदांची साखळी असलेल्या कारखान्यास ही रचना स्वभावतःच अनुकूल आहे. मंचासाठी परवान्याचे मूल्यही द्यावे लागत नाही. असे असूनही असल्या कारखान्यात बहुधा हिशेबासाठी टॅली व बाकी साऱ्यासाठी एक्सेल हीच जोडी आढळते.

या विसंगतीचा उलगडा करण्यास समाजशास्त्रातील एक जुना अभ्यास साहाय्यभूत होतो. अमेरिकेतील आयोवा राज्यातील २५९ शेतकऱ्यांनी संकरित मक्याचे बियाणे कसे स्वीकारले, याचा अभ्यास रायन व ग्रॉस यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केला. बियाण्याचे श्रेष्ठत्व उघड असूनही त्याचा प्रसार होण्यास दहा-बारा वर्षे लागली. आणि बहुतेकांनी ते प्रथम थोड्या जमिनीत पेरून पाहिले. पुढे एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये नवकल्पनेच्या प्रसारास पोषक असे पाच गुण सांगितले : सापेक्ष लाभ, सुसंगती, सुबोधता, अजमावून पाहण्याची शक्यता व परिणामांची दृश्यता. यांपैकी पहिला गुण फ्रॅपेच्या ठिकाणी आहे. अडथळे उरलेल्या चारांत आहेत.

सुसंगतीचा प्रश्न आधी घेऊ. फ्रॅपे हा लिनक्ससारख्या प्रणालींसाठी घडविलेला आहे. विंडोजवर तो थेट चालत नाही, मध्ये आणखी एक थर घालावा लागतो. महाविद्यालयीन प्रयोगशाळांत व कारखान्यांच्या कचेऱ्यांत मात्र विंडोजच सार्वत्रिक आहे. शिवाय पीएचपीत लिहिलेली आज्ञावली स्वस्त सामायिक सर्व्हरवर सहज बसते. फ्रॅपेला मात्र मारियाडीबी, रेडिस, पार्श्वभूमीवर कामे करणाऱ्या प्रक्रिया असा सारा संसार सतत चालू ठेवावा लागतो. त्यासाठी स्वतंत्र सर्व्हर हवा, व तो सांभाळणारा माणूसही हवा. परवाना विनामूल्य असला तरी मंच विनामूल्य नसतो, तो असा.

सुबोधतेची अडचण अधिक सूक्ष्म आहे. डॉकटाइपमुळे पहिला अर्ज एका दिवसात तयार होतो. परंतु मंच जे आपोआप करतो ते कोठे व केव्हा करतो, हे न कळल्यास पहिल्या अनपेक्षित दोषापाशी शिकणारा थबकतो. पायथॉन व जावास्क्रिप्ट या दोन्ही भाषा यावयास हव्यात, आणि त्यांवर मंचाचे स्वतःचे संकेतही. लोकप्रिय मंचाच्या बाबतीत तोच दोष पूर्वी कोणास तरी आलेला असतो व त्याचे उत्तर लिहिलेले सापडते. अल्पपरिचित मंचाच्या अभ्यासकास पुष्कळदा मूळ आज्ञावलीच वाचून काढावी लागते. ही विद्यार्थ्यास उत्तम तालीम आहे. पण रवानगी खोळंबलेल्या कारखान्यास ती परवडत नाही.

तिसरा अडथळा अजमावून पाहण्याचा. मका अर्ध्या एकरात पेरून पाहता येतो. नोंदव्यवस्था अर्धी बदलता येत नाही. आवक नव्या मंचावर व बॅच जुन्या वहीत असेल, तर दोहोंचा मेळ घालण्याचेच काम वाढते. आणि दृश्यतेविषयी बोलावयाचे, तर शेजारच्या शेतातील कणीस दिसते; शेजारच्या कारखान्याचा सर्व्हर दिसत नाही.

याखेरीज एक अडथळा असा आहे, की तो मंचाच्या गुणदोषांवर अवलंबूनच नाही. ब्रायन आर्थर यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले, की ज्या तंत्राचा स्वीकार वाढतो ते त्या वाढीमुळेच अधिक लाभदायक होत जाते. मालक फ्रॅपे घेत नाही, कारण जाणकार मिळत नाहीत. विद्यार्थी तो शिकत नाहीत, कारण नोकऱ्या दिसत नाहीत. दोघेही आपापल्या परीने शहाणपणानेच वागतात, आणि तरीही एकूण परिणाम दोघांच्या तोट्याचा होतो.

शेवटी भवितव्याची भीती. निर्माता उद्या राहिला नाही तर काय? रसायनीस हा प्रश्न अपरिचित नाही. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सचा येथील कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०१७ मध्ये घेतला. त्यातून वगळला गेला तो एकच विभाग : अग्निबाणाच्या इंधनाबरोबर वापरल्या जाणाऱ्या डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचा. तो इस्रोकडे सोपविण्याचे ठरले. कारण इस्रोस त्याची निकड होती व तो सांभाळण्याचे सामर्थ्यही होते. मुक्तस्रोत मंचाचेही तसेच आहे. आज्ञावली परवान्यानुसार सर्वांना वापरण्यास व बदलण्यास खुली असल्याने ती कोणी बंद करू शकत नाही. पण ती जिवंत राहते ती तिची निकड व सामर्थ्य ही दोन्ही असणाऱ्यांच्या हाती. फ्रॅपेतील माहिती साध्या तक्त्यांत असते, त्यामुळे ती बाहेर काढता येते. तिच्याभोवतीचे नियम व वर्तन मात्र नव्याने लिहावे लागते. मंच सोडण्याचा खर्च तो घेण्यापूर्वीच मांडून पाहावयाचा, तो यासाठी.

या विवेचनावरून काही व्यवहार्य धोरणे निघतात. आरंभ बॅच-नोंदीपासून न करता, ज्याच्या बिघाडाने उत्पादन थांबणार नाही अशा स्वयंपूर्ण कामापासून करावा. उपकरणांच्या तपासणीच्या तारखांची नोंद हे त्याचे चांगले उदाहरण होय. मंचाच्या मूळ आज्ञावलीत फेरफार न करता आपले लेखन वेगळ्या ॲपमध्ये ठेवावे, म्हणजे नवी आवृत्ती आल्यावर ते वाहून जात नाही. आणि पदव्युत्तर प्रकल्प एखाद्या कारखान्यासाठी केला असेल, तर एका विद्यार्थ्याने तो रचावा व दुसऱ्याने केवळ लिखित टिपणांवरून तो पुन्हा उभा करून दाखवावा. पहिला विद्यार्थी पदवी घेऊन निघून गेल्यावर कारखान्याच्या हाती काय उरते, याची खरी परीक्षा या दुसऱ्या उभारणीत होते. एकाच जाणकारावर विसंबलेला मंच कितीही सुबक असला, तरी तो स्वीकारला गेला असे म्हणता येत नाही. दुसरा जाणकार तयार होतो तेव्हाच स्वीकारास खरा आरंभ होतो.