तेल बदलले, बरणी तीच

आपल्या मॉरिशसमध्ये १९८७ साली सरकारने रेशनच्या तेलातले पामतेल काढून सोयाबीनचे आणले. १९९२ पर्यंत लोकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉलची सरासरी लिटरमागे ५.५ वरून ४.७ मिलिमोलवर उतरली. त्यासाठी घरी कोणाला स्वयंपाक बदलावा लागला नाही!

मिठाचे तसे नाही. ते घरातच कमी करावे लागते. डाळभाताशेजारी आचार आणि खारी मासळी नसली तर आमच्या आजोबांचे जेवण होत नाही. रक्तदाब चढला तरी दुखत नाही, मग ‘आता बरे वाटते’ म्हणून ते गोळीही सोडतात. आम्ही रागावतो, पण आचाराची बरणी पुढे ठेवतो आम्हीच. सरकारी आरोग्यकेंद्रात तपासणी आणि गोळ्या फुकट आहेत. सोमवारी त्यांना घेऊन जाणार आहोत. बरणी आजच कपाटात गेली.